त्यांच्या वाटचा प्याला

“आई, आजच्या माझ्या कार्यक्रमाला बाबांनाही बोलावलंय. प्लीज, तिथे तरी भांडू नकोस हं!”

ऋचाच्या जाकिटाला झालर टाचता टाचता नीलिमाच्या बोटात सुई रुतली. तापट बायको हे बिरुद तिनं स्वतःच मिरवलं होतं. चंद्रशेखर पिऊन नोकरीवर जाऊ लागला आणि एके संध्याकाळी घर सोडून निघूनच गेला, तेव्हा लहानग्या लेकीच्या मनातली बापाची मूर्ती भंगू नये म्हणून तिनं सगळ्यांना सांगितलं, “मीच हाकललं!” आणि लोकांनीही ते किती तत्परतेनं मानलं! बाईच्या नावावर दोष मांडायला कुणी पुरावा मागत नाही.

आता तीच लेक आंग मो किओ या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये गिटार छेडत एक जुनं अमेरिकन दारूचं गाणं नव्यानं बसवत होती... बायकोनं घराबाहेर काढलेला माणूस गुत्त्यात बसून रडतो, त्याचं. “बाबांचंच गाणं आहे हे,” ती म्हणाली, तेव्हा नीलिमाला थकून हसूच आलं. आधी गुत्ता, मग घराबाहेर. क्रम तेवढा उलटा होता!

संध्याकाळी त्याच शहरातल्या ईस्ट कोस्ट भागातल्या कॅफेत मराठी मंडळातल्या बायका पहिल्या रांगेत. दारूचं गाणं ऐकायला अशा नटून आल्या होत्या, जणू हळदीकुंकूच! चंद्रशेखर मागे, अंग चोरून उभा. त्याचं पिणं सुटलं होतं, पण एका घोटावर सारं पुन्हा कोसळेल, असं त्याच्या बहिणीनं नीलिमाला बजावलं होतं.

शेवटच्या कडव्याआधी ऋचा खाली उतरली. चिनी लग्नाच्या मेजवानीत ओरडतात तसं सगळं कॅफे ओरडलं, “याऽऽऽम सेंग!” आणि तिनं बिअरचा फेसाळता ग्लास बापाच्या हाती दिला.

“बाबा, बॉटम्स अप! माझ्यासाठी, ला!” तिथल्या पोरांसारखा लाडाचा ‘ला’ लावत ती म्हणाली.

लेकीचा आग्रह... नाही कसं म्हणणार? त्याचा हात ओठांपर्यंत गेला...

नीलिमा धावली. ग्लास हिसकावून डोळे मिटून तिनं तो घटाघटा रिकामा केला!

“अगोबाई! गुरुवारचा उपास ना हिचा?” मंडळातली रुपाली कुजबुजली, साऱ्या कॅफेला ऐकू जाईल इतपतच.

“आई!” ऋचा किंचाळली. “एक दिवस! एक दिवस तरी बाबांना सुखानं...”

“ऋचा, गप्प बस!” चंद्रशेखरचा आवाज फाटला. “दारुडा होतो मी. हिनं मला काढलं नाही, मी पळालो. माझ्या वाटची बदनामी ही इतकी वर्षं प्यायली... आज दारूही प्यायली!”

ऋचाच्या डोळ्यांतून आसवं ओघळली. “आई... व्हाय यू नेव्हर टेल मी?”

“सांगून तुला बाप उरला असता का?” कडू झालेलं तोंड पदरानं पुसत नीलिमा म्हणाली. “जा, गाणं पुरं कर. अर्ध्यावर उठून जायची खोड या घरात एकालाच पुरे!”

चंद्रशेखरनं मान खाली घातली. तिनं जवळची खुर्ची पायानंच त्याच्याकडे सरकवली.

“बसा आता. आणि मला धरा जरा... गरगरतंय.”