हेडसेटवरचे चार डाग

हेडसेटच्या उजव्या कपावर तेलाचे चार डाग होते. तेजलने कंपासपेटीतली पट्टी लावून पाहिली. प्रत्येक डाग लांबट, साधारण सव्वा सेंटिमीटर रुंद आणि चारही एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. डाव्या कपावर मात्र एकही डाग नव्हता.

"दिवाणजी, हे पाहिलंत का?"

"पाहिले," दिवाणजी म्हणाले. "मागाला घालतात ते तेल आहे. साबणाने निघेल."

दिवाणजी हा माणूस नव्हता. तो कापड तपासणारा यंत्रमानव (माणसासारखी कामे करणारे यंत्र) होता. उंची टेबलाएवढी, तीन चाके आणि डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे. पूर्वी मागांच्या या शेडच्या कॅबिनमध्ये एक खरे दिवाणजी बसत. ते निवृत्त झाले, त्यांचे टेबल यंत्रमानवाला मिळाले आणि टेबलाबरोबर नावही. तो नेहमी पूर्ण वाक्यात बोले, म्हणून कारागीर त्याला मुद्दाम "अहो, तुम्ही" करत.

काचेपलीकडे अठ्ठेचाळीस माग चालू होते. आता माग स्वतःच फोन करून "चौदा नंबर, धागा तुटला" असे कळवत, पण त्यांचा खडखडाट काही कमी झाला नव्हता. शेडमध्ये आवाजाची पातळी सत्त्याण्णव डेसिबेल (आवाज मोजण्याचे एकक) होती. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांनाही एकमेकांचे ऐकू येत नसे. म्हणून इथले लोक ओठ पाहून आणि बोटांच्या खुणांनी बोलत. अगदीच अडले तर तळहाताचा द्रोण करून कानाशी धरत.

तेजलची आई सुवर्णा इथली जॉबर होती. जॉबर म्हणजे बिघडलेला माग नीट करणारी. पंधरा वर्षे ती नुसत्या आवाजावरून मागाचा दोष सांगत आली होती. महिन्यापूर्वी शेठनी रस्त्यापलीकडची दुसरी शेड घेतली. आता दोन्हीकडच्या मागांसाठी आई फोनवर सापडायला हवी होती आणि काम करताना दोन्ही हात मोकळे हवे होते. म्हणून हा बिनतारी हेडसेट आला. तो कानावर बसे आणि खिशातल्या फोनशी रेडिओलहरींनी (डोळ्यांना न दिसणाऱ्या, हवेतून जाणाऱ्या लहरींनी) जोडलेला असे.

तो सगळ्यांना चालला, फक्त आईला चालेना. तिने फोन केला की पलीकडे नुसता खडखडाट. शेठ म्हणाले होते, "शनिवारी संध्याकाळपर्यंत जमलं तर दोन्ही शेड तुझ्याकडे, सुवर्णा. नाहीतर मला दुसरा जॉबर बघावा लागेल."

आज शनिवार होता. घड्याळात अडीच वाजले होते.

"आपण पुन्हा पहिल्यापासून बघू," तेजल म्हणाली. तिने दार उघडून दस्तगीरचाचांना खूण केली. ते शेडमधले सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी हेडसेट डोक्यावर चढवला, मागांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि कॅबिनमधला फोन वाजला.

"हॅलो, तेजलबाई! शाळेला दांडी मारली काय?"

प्रत्येक शब्द स्वच्छ. मागे मागांची हलकी कुजबुज, तीही नसल्यासारखी.

"शनिवारी अर्धी शाळा असते, चाचा!"

"असं म्हणतीस? आमच्या वेळी आम्हीच अर्धी करत होतो."

मग आईने हेडसेट घातला. काचेतून तिची डावी बाजू तेवढी दिसत होती. फोनमधून खडखडाटाचा लोंढा आला आणि त्यात बुडालेला एखादा शब्द: "...तेजल... येतंय का..."

थोड्या वेळाने आई आत आली. दार लोटून ती सूत गुंडाळलेल्या कोनांच्या खोक्यावर बसली, चप्पल काढून पाय लांब केले. सकाळी सातपासून ती उभी होती.

"झालं का तुमचं संशोधन?" ती म्हणाली. "राहू दे आता. दोन घास खाऊ दे मला."

तेजलने डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. आई सावकाश जेवू लागली. डोळे मिटत होते आणि ती ते उघडत होती.

"दिवाणजी," तेजल हळू आवाजात म्हणाली, "हेडसेट खडखडाट बाजूला करतो तरी कसा? तुम्हाला माहीत असेल ना?"

"माहीत आहे. यात दोन मायक्रोफोन (आवाजाचे विजेच्या संदेशात रूपांतर करणारे भाग) आहेत. पहिला या दांडीच्या टोकाला, तोंडापासून दोन सेंटिमीटरवर. दुसरा इथे, उजव्या कपाच्या बाहेरच्या बाजूला. तोंडापासून बारा सेंटिमीटरवर."

"दोन कशाला?"

"कल्पना करा, एका कापडावर मोर आहे आणि त्यावर पट्टे आहेत. दुसऱ्या कापडावर तसेच पट्टे आहेत, मोर नाही. पहिल्यातून दुसरे वजा केले तर काय उरेल?"

"नुसता मोर."

"मोर म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज. पट्टे म्हणजे मागांचा आवाज."

तेजल विचार करू लागली. "पण दुसऱ्या मायक्रोफोनला बोलणं ऐकू येणारच की. दहा सेंटिमीटर म्हणजे काही लांब नाही."

"येते, पण फार थोडे. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. अंतर दुप्पट झाले तर तीव्रता चौथा हिस्सा उरते, तिप्पट झाले तर नववा. इथे अंतर सहापट आहे."

"म्हणजे छत्तिसावा हिस्सा."

"बरोबर. आता माग घ्या. तो तीन मीटरवर आहे. त्याच्या दृष्टीने हे दोन्ही मायक्रोफोन जवळजवळ सारख्याच अंतरावर. म्हणून त्याचा आवाज दोघांकडे सारखाच पोचतो. हेडसेटमधला छोटा संगणक जे दोन्हीकडे सारखे ते वजा करतो. जे एकीकडे जास्त ते ठेवतो. हे सेकंदाला हजारो वेळा चालते."

"मग आईचाच आवाज का ठेवत नाही?"

दिवाणजींच्या कॅमेऱ्यांची उघडझाप झाली. "ते मला माहीत नाही. सुवर्णाबाईंचा आवाज दस्तगीर यांच्यापेक्षा लहान नाही. मी मोजला आहे."

"पंधरा वर्षं ओरडून बोलतोय आपण घरात," आई घास चावता चावता म्हणाली, "लहान कसा असेल?" तिने दिवाणजींच्या छातीवरच्या पडद्याकडे पाहिले होते. दिवाणजी बोलत ते तिथे अक्षरांतही उमटे.

तेजलने हेडसेट पुन्हा हातात घेतला. चार डाग. तिने सहज आपली चार बोटे त्यांवर ठेवली. बोटे डागांपेक्षा बारीक होती, पण नेमकी तिथेच बसली. मधल्या बोटाखाली काहीतरी खोलगट लागले. तिने बोट उचलले. तिथे टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र होते.

"दिवाणजी! दुसरा मायक्रोफोन हाच ना?"

"हाच."

तिने हेडसेट घातला, दार उघडले आणि उंबऱ्यावर उभी राहून फोन लावला. "एक, दोन, तीन," ती म्हणाली. मग तळहाताने उजवा कप दाबून धरला. "चार, पाच, सहा."

"एक, दोन, तीन ऐकू आले," दिवाणजी पडद्यावर अक्षरे मोठी करून म्हणाले. "पुढे फक्त माग."

तेजल दार लोटून आत आली. तिचे कान तेवढ्यातच दुखू लागले होते. "दुसरं कापड झाकलं की पट्टे कुठले वजा करायचे ते हेडसेटला कळतच नाही! म्हणून सगळे पट्टे तसेच राहतात. आई, तू बोलताना हात कानावर धरतेस. तुम्ही सगळे तसंच बोलता ना एकमेकांशी!"

आईने हातातला घास तसाच ठेवला. "एवढंच होतं?"

"एवढंच. हात खाली ठेवून बोल. मी इथून ऐकते."

आई उठली. उठताना तिने टेबलाचा आधार घेतला. काचेपलीकडे ती चौदा नंबरच्या मागापाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात बाजूला. फोन वाजला.

"तेजल, येतंय का गं ऐकू?"

स्वच्छ. अगदी घरातल्यासारखे. तेजलने उडीच मारली. "येतंय आई! एकदम छान येतंय!"

"हॅलो?" आई म्हणाली. "तेजल, बोल की."

"बोलतेय ना! आई, तू चौदा नंबरपाशी आहेस ना?"

"हॅलो? बोल की गं काहीतरी."

तेजल काचेजवळ गेली. आईच्या चेहऱ्यावर दिसत होते की ती वाट पाहते आहे. मग तिचा उजवा हात वर आला, चार बोटे कपावर बसली, कप कानाशी घट्ट दाबला गेला. फोनमधून खडखडाटाचा लोंढा आला.

तेजलने फोन खाली ठेवला.

आई परत आली. हेडसेट टेबलावर ठेवून ती पुन्हा खोक्यावर बसली.

"हात खाली ठेवून तुला ऐकू येत नाही," तेजल म्हणाली. ती आईच्या समोर बसून बोलत होती. "सवय नाहीये ही."

"डाव्या कानानं नाहीच येत," आई म्हणाली. "उजव्यानं दाबून धरल्यावर येतं थोडं."

"शाळेत पालकांची तपासणी होती तेव्हा डॉक्टर तुला म्हणाले होते, मिरजेला जाऊन कान दाखवा. दोन वर्षं झाली, आई. तू म्हणालीस दिवाळीनंतर. मग म्हणालीस नवीन माग बसल्यावर."

"आणि दाखवून काय होणार होतं? कागदावर लिहून देतील, हिचा कान गेला. कान गेलेली जॉबर कोण ठेवतं गं?" आईचा आवाज चढला नाही. चढवायला तिच्यात बळ उरले नव्हते. "आवाज ऐकून माग सांगते म्हणून नाव आहे माझं. त्यावर घर चाललंय."

तेजल दिवाणजींकडे वळली. "आईचा कान बरा होईल का? खरं सांगा."

"खरे सांगतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात केसांसारखे टोक असलेल्या हजारो बारीक पेशी (शरीराचे सर्वांत लहान जिवंत घटक) असतात. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात राहिले की त्या मोडतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत."

आईने पडद्यावरची अक्षरे वाचली आणि मान खाली घातली.

"पण," दिवाणजी म्हणाले आणि त्यांनी पुढची अक्षरे उजळ होईपर्यंत वाट पाहिली, "ज्या उरल्या आहेत त्या वाचवता येतात. कानात बोळे घालून. आणि उरलेल्यांपुरता आवाज वाढवणारे श्रवणयंत्र मिळते. कोणत्या कानाला कोणता आवाज किती कमी ऐकू येतो हे मोजल्याशिवाय मात्र ते बसवता येत नाही. मोजणे मला आवडते. म्हणून आणखी एक मोजमाप सांगतो."

"सांगा की, थांबलात कशाला," आई म्हणाली.

"सुवर्णाबाई, गेल्या दोन वर्षांत आपण एकशे एकोणीस दोष शोधले. त्यांपैकी एकशे सोळा बरोबर होते. त्याआधीच्या दोन वर्षांतही प्रमाण तेच होते. मी कॅमेऱ्यांनी पाहिले आहे. पूर्वी आपण मागाजवळ कान नेत होता. आता तळहात ठेवता."

आई आपल्या हाताकडे पाहत राहिली. "थरथर कळते," ती म्हणाली. "बेअरिंग गेलं असलं की मनगटापर्यंत येते."

"आवाज म्हणजे थरथरच ना, दिवाणजी?" तेजलने विचारले.

"थरथरच. हवेतून आली तर आपण तिला आवाज म्हणतो. लोखंडातून ती आणखी चांगली येते."

"हे शेठना ठाऊक आहे का?"

"त्यांनी विचारले नाही. विचारले तर मी आकडे दाखवीन. पण कानाबद्दल सांगणे माझे काम नाही. ते सुवर्णाबाईंचे आहे."

साडेतीन वाजले. आईने डबा झाकला, पाण्याचे दोन घोट घेतले. मग तिने हेडसेट उचलला, रुमालाने तेल पुसले आणि डोक्यावर चढवला.

"दमलीस तू. बस की थोडी," तेजल म्हणाली.

"बसले तर उठणार नाही. तू फोन घे. तुझं मला ऐकू येणार नाही, पण तुला माझं येईल ना?"

"येईल."

"मग बास. आलं तर हात वर कर."

ती शेडच्या मधोमध जाऊन उभी राहिली. अठ्ठेचाळीस माग तिच्या चारी बाजूंनी खडखडत होते. दस्तगीरचाचांनी भुवया उंचावून "काय?" अशी खूण केली. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिचे दोन्ही हात खाली होते. उजवा हात एकदा अर्धा वर आला आणि पुन्हा खाली गेला.

कॅबिनमधला फोन वाजला. सुरुवातीला फक्त श्वास ऐकू आला, शांत खोलीत येतो तसा.

"तेजल, ऐक," आई म्हणाली. "सोमवारी मी रजा टाकतेय. मिरजेला जाऊन दोन्ही कान तपासून घेणार आहे. आणि त्याआधी आज, आत्ता, शेठना मी स्वतः सांगणार आहे."

तेजलने हात वर केला.