बाराव्या पानावरचं टिंब

डॉ. शरयू गोगटेनं बारावं पान सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे टिंब कुणीतरी नखानं खरवडलेलं असेल तर किती बरं होईल. विचार आला आणि पाठोपाठ लाजही वाटली. पण आला, हे तिला नाकारता येईना.

पान एका झेरॉक्स पुस्तिकेतलं होतं. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लहान मुलांना कुठलं औषध किती द्यायचं, याचे तक्ते त्या पुस्तिकेत होते. बाराव्या पानावर दम्याच्या एका इंजेक्शनाची मात्रा होती. संगणकातल्या मूळ प्रतीत ती दर किलोला २.५ मिलिग्रॅम होती, या प्रतीत २५. डिसेंबरात सुलोचना नगराळे नावाच्या परिचारिकेनं हे पान पाहून सहा वर्षांच्या एका मुलीला इंजेक्शन दिलं. डॉक्टर दुसऱ्या गावी होते. मुलगी दगावली.

सिस्टर म्हणाल्या, पानावर पंचवीसच होतं. पोलीस म्हणाले, तेव्हा टिंब होतं. चूक झाल्यावर यांनी ते खरवडलं. त्याच दिवशी, त्याच मशीनवर काढलेल्या दुसऱ्या रुग्णालयांच्या प्रतींत टिंब जागेवर होतं. आता टिंब गळलं की खरवडलं, एवढ्यावर सिस्टरांची नोकरी आणि तुरुंग लटकलेला होता. या शाईतलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं, अशी चौकशी झाली आणि पुस्तिका शरयूच्या प्रयोगशाळेत आली. शरयूला कळणारच. ती शाई तिनंच तर बनवली होती. जिच्या शाईवर संशय तिलाच पंच नेमलं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, आणि तिनंही ते कुणाच्या लक्षात आणून दिलं नाही.

"काय म्हणतोय मुद्देमाल?" प्रा. दिनकर उपळेकर आत येत म्हणाले. कागदशास्त्राचे हे निवृत्त प्राध्यापक या चौकशीसाठी नेमलेले दुसरे तज्ज्ञ. आयुष्य कागदात गेल्यामुळे वर्तमानपत्रसुद्धा ते आधी बोटांनी चाचपत आणि मग वाचत.

"खरवडलेलं नाही, सर."

"इतक्यात कळलं?"

"नखानं खरवडलं असतं तर कागदाचे तंतू तुटले असते, एका बाजूला निजले असते. हे बघा, सगळे उभे आहेत. आणि मधे मेणाचं गोल कडं उरलंय. टिंब मऊ होऊन अलगद सुटलंय."

उपळेकरांनी बराच वेळ डोळा लावला. मग खुर्ची ओढून बसले. "आता मला सगळं पहिल्यापासून सांग. चौकशीत बोलायचंय, आणि तिथे सगळे आपल्यासारखे नसतात."

शरयूनं सांगितलं. झेरॉक्समधली शाई ओली नसते. ती कोरडी भुकटी असते. बाजारात तिला टोनर म्हणतात, शरयूच्या टिपणांत तिला मसीकण असं नाव होतं. विजेच्या ओढीनं हे कण कागदावर अक्षराच्या आकारात बसतात, पण बसतात ते नुसते. फुंकर मारली तरी उडतील. म्हणून पान दोन तापरुळांमधून जातं. तिथे एकशे ऐंशी अंशांवर कण वितळतात, तंतूंत शिरतात, गार झाले की पक्के होतात. मशीनमधून आलेला कागद हाताला गरम लागतो तो त्यामुळे. सगळी वीज खाते ती हीच पायरी.

"आणि तू ती वाचवलीस," उपळेकर म्हणाले.

"मंदताप स्थिरीकरण. माझ्या कणाला वरून पातळ कवच आणि आत मेणासारखा गाभा आहे. अठ्ठावन्न अंशांवर रुळाच्या दाबानं कवच फुटतं, गाभा तंतूंना धरतो. छपरावरच्या एका सौरपट्टीवर मशीन चालतं. जिथे वीज टिकत नाही, नेटवर्क टिकत नाही, तिथे निदान छापील कागद तरी पोचावा म्हणून केलं होतं, सर."

"हेतूबद्दल कुणी विचारलेलं नाही. अठ्ठावन्नला वितळतो, तर पन्नासला काय करतो?"

"मऊ होतो."

"मे महिन्यात त्या रुग्णालयाच्या पत्र्याखाली किती असतं?"

हा प्रश्न शरयूला नऊ वर्षांपूर्वीही विचारला गेला होता, आणि विचारणारे हेच होते. तेव्हा तिनं शंभर पानं वजनाखाली दाबून तीस दिवस पन्नास अंशांच्या भट्टीत ठेवली होती. बाहेर काढून त्यांचा काळेपणा मोजला. नव्व्याण्णव पूर्णांक सहा टक्के शाई जागेवर होती. समोरच्या पानांवर उलटी अक्षरं उमटली आहेत का, तेही तपासलं. एकही नव्हतं. उरलेले शून्य पूर्णांक चार टक्के कुठे गेले, असं उपळेकरांनी समासात पेन्सिलीनं विचारलं होतं, आणि तिनं खाली एका शब्दात उत्तर लिहिलं होतं: नगण्य.

"ती भट्टीतली पानं अजून आहेत," ती म्हणाली. "काल काढून पाहिली. अक्षरं का टिकली, ठाऊक आहे? अक्षरात हजारो कण असतात. एकमेकांना धरून असतात, शेकडो तंतूंना धरून असतात. टिंब एकटं. तीस-चाळीस कणांचा जीव. पानावरच्या सगळ्या टिंबांचं मिळून क्षेत्रफळ काढलं मी, सर. सगळ्या शाईच्या अर्धा टक्का भरतं."

"आणि गेले शून्य पूर्णांक चार."

"म्हणजे अक्षरांतलं काहीच गेलं नव्हतं. जी गेली ती सगळी टिंबंच. दर पाचातली चार. आणि मी सरासरी काढून पास झाले."

उपळेकरांनी तिला दोष दिला नाही. दिला असता तर तिला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, "सरकारी वकील म्हणेल, गळू शकतं म्हणजे गळलंच असं नाही. इतर रुग्णालयांत का नाही गळलं?"

"त्यांच्या पुस्तिका भिंतीला टांगलेल्या असतात. इथली रजिस्टरांच्या चळतीखाली, पत्र्याच्या कपाटात होती. ऊनही आणि दाबही."

"तरी पुरावा हवा. खरवडलेलं टिंब धूळ होऊन जमिनीवर पडतं. सुटलेलं कुठे जातं?"

"समोर," शरयू म्हणाली, आणि तिला एकदम उभारी आली. "पुस्तिका मिटली की बारावं पान तेराव्याच्या तोंडाला तोंड लावून असतं. टिंब तिकडे चिकटलं असणार."

तिनं शिवणीपासूनचं आणि वरच्या कडेपासूनचं अंतर मोजलं आणि तेराव्या पानावर बरोबर तेवढ्याच अंतरावर भिंग आणलं. टिंब तिथे होतं. मग पुढचे अकरा दिवस ती त्या टिंबाच्या मागे लागली. व्यास मोजला. कडेवरचे चौदा खाचखळगे बाराव्या पानावरच्या मेणाच्या कड्याशी जुळवून पाहिले, चौदाही जुळले. नव्या जागी मेण तंतूंत किती खोल मुरलंय ते मोजून टिंब कधी उतरलं, याचा हिशेब मांडला. इतकं चोख काम तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. त्या बाईला आपण सोडवतो आहोत, या एका विचारावर तिला पुन्हा झोप लागू लागली.

चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. भर दुपारी सभागृहातले पंखे गरम वारा ढकलत होते. चौकशी अधिकारी मानकर टेबलामागे, आणि बाजूच्या बाकावर सुलोचना नगराळे. पन्नाशीची, हडकुळी बाई. हातात रुमालाची घडी. शरयूला वाटलं होतं, ही आपल्याकडे रागानं पाहील. तिनं उठून नमस्कार केला.

शरयूनं सुरुवातीलाच सांगून टाकलं. शाई माझी, चाचणी माझी, आणि चाचणीत चूक झाली तीही माझी. मानकरांनी चष्म्यावरून पाहिलं, लिहून घेतलं आणि पुढे बोलायला सांगितलं. मग तिनं भिंतीवर चित्रं दाखवली. इकडे उभे तंतू, इकडे रिकामं कडं, इकडे तेराव्या पानावरचं टिंब, दोनशे पटींनी मोठं केलेलं, भिंतभर काळं.

"पण समोरच्या पानावर उमटलं, तर इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मानकरांनी विचारलं.

"अक्षर उमटलं असतं तर उलटं दिसलं असतं. लगेच कळलं असतं. टिंब उलटं केलं तरी टिंबच दिसतं, साहेब."

"आणि हे केव्हा झालं, सांगता येतं?"

हाच तिचा हुकमी पुरावा होता. "येतं. गेल्या मेच्या दुसऱ्या आठवड्यात, चार दिवस इकडे किंवा तिकडे. मुलगी रुग्णालयात आली डिसेंबरात. त्याआधी सात महिने बाराव्या पानावर टिंब नव्हतं. सिस्टरांनी जे वाचलं, तेच तिथे छापलेलं होतं."

मानकरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे खाडाखोड नाही. आणि औषध तक्ता पाहूनच द्यायचं, मनानं द्यायचं नाही, असा लेखी आदेश आहे. सिस्टर, तुमच्यावरचा ठपका मी काढतो आहे. पोलिसांनाही तसं कळवतो."

उपळेकरांनी शरयूच्या हातावर थोपटलं. तिचे डोळे भरून आले. माफी मिळाली नव्हती, मिळावी असंही नव्हतं. पण निदान एका माणसाचं तरी आपण भरून दिलं, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

सुलोचनाबाई मात्र भिंतीकडेच बघत होत्या.

"मॅडम, एक विचारू का? ते टिंब तेराव्या पानावर गेलं म्हणता?"

"हो."

"मंग ते पान पुरं दाखवा ना जी. एवढं मोठं नको. वाचता येईल असं."

शरयूनं चित्र लहान केलं. भिंतीवरचा काळा गोळा आकसत गेला. त्याच्या डावीकडे एक आकडा आला, उजवीकडे एक आला, मग रकाना, मग ओळ, मग सगळा तक्ता. दोन्ही पानांचा साचा एकच होता. इकडे मधला रकाना मात्रेचा, तिकडेही मधला रकाना मात्रेचाच. बाराव्या पानाच्या मधल्या रकान्यातून निघालेलं टिंब तेराव्याच्या मधल्या रकान्यातच उतरणार होतं. दुसरीकडे त्याला जागाच नव्हती.

सुलोचनाबाईंनी मोठ्यानं वाचलं. "निमोनिया. दर किलोले पाच पॉइंट शून्य मिलिग्रॅम." त्या थांबल्या. "हे पन्नास आहे, मॅडम. याच्यात टिंब नसते."

शरयू पुन्हा पुन्हा तो आकडा वाचत राहिली. अकरा दिवस ती या टिंबाजवळ बसली होती. त्याचे खाचखळगे तिला तोंडपाठ होते. त्याच्या एका अंगाला पाच आणि दुसऱ्या अंगाला शून्य आहे, हे तिनं पाहिलं होतं, पण वाचलं नव्हतं. प्रयोगशाळेत पानावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. शाई बसली की नाही, एवढंच बघतात. भट्टीतल्या शंभर पानांवर तर तिनं मुद्दामच निरर्थक मजकूर छापून घेतला होता.

"दम्याचं ते इंजेक्शन वर्षातून एखाद्या वक्ती लागते," सुलोचनाबाई सावकाश म्हणाल्या. "मी तर त्याच दिवशी पह्यल्यांदा दिलं. निमोनियाचं रोज लागते. पावसाळ्यात तर एका दिवसाले चार-चार लेकरं."

"सिस्टर, पण कुणाला शंका कशी नाही आली?" मानकरांनी विचारलं.

"हे पुस्तक एप्रिलच्या आखरीले आलं, साहेब, त्याच्या आधी मात्रा डॉक्टरच सांगत. जास्त औषधाचं भेव वाटते. कमी दिलं तं कोण भेते? लेकरू दोन-तीन दिवसांनी जाते. मायबाप म्हणतात, आणायले उशीर झाला. आम्हीबी तेच म्हणतो." त्यांनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "मीच म्हटलं असंन किती जणांले."

"यात तुमचा काहीच दोष नाही," शरयू घाईघाईनं म्हणाली. "तुम्ही जे छापलं होतं तेच..."

"ते आत्ता तुमी सांगितलं ना. त्या एका लेकराचा दोष मी कबूलच केला नव्हता, कारण मले ठाऊक होतं का मी बरोबर वाचलं. आता या बाकीच्या लेकरांचं कोणाले सांगू?" हे त्या रागानं बोलल्या नाहीत. मग मानकरांकडे वळल्या. "मी सुटले ना साहेब? मंग मी जाते. रजिस्टर पाहाचं आहे. मॅडमनं तारीख सांगितली ते बरं झालं, कुठून पाहाचं ते समजलं."

मानकरांनी फोन उचलला. ही पुस्तिका किती रुग्णालयांत गेली, त्यातल्या किती कपाटांत ठेवल्या आहेत, हे ते कुणाला तरी विचारत होते. उपळेकर डोकं धरून बसले होते. शरयू उठली.

"मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

सुलोचनाबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "या."

रुग्णालय तासाभराच्या वाटेवर होतं. पोचल्यावर बाईंनी कपाट उघडलं, लाल कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं आणि मे महिन्याचं पान शोधून शरयूसमोर ठेवलं. अक्षर त्यांचंच होतं, निळ्या शाईतलं, नीटनेटकं.

"तुमी वाचा," त्या म्हणाल्या. "माझ्यानं होत नाही."

शरयूनं वाचायला सुरुवात केली. एकही शब्द न गाळता, प्रत्येक रकाना. १४ मे. आरोही गेडाम. वय दोन वर्षं. वजन नऊ किलो. निमोनिया. मात्रा पंचेचाळीस मिलिग्रॅम. हवी होती साडेचारशे. शेवटच्या रकान्यात तारीख होती १७ मे, आणि तिच्यापुढे एकच शब्द. तो तिनं वाचला आणि पुढची ओळ घेतली.