दुपारी तीनची लिंक

भुताच्या गोष्टी मजेसाठी वाचणाऱ्यांनी हे वाचू नये. यात मजा नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय, भर दुपारी, आणि मी तिथे होतो. खोटं वाटलं तर वाटू दे. मला कुणाला पटवायचं नाही.

मंगळवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

ताईचं घर तळमजल्यावर. दोन खोल्या आणि अडगळीच्या खोलीएवढी एक तिसरी, ती माझ्या भाचीची. भाची सहा वर्षांची, आम्ही तिला मुंगी म्हणतो. त्या वेळी ती शाळेत होती.

तीन वाजता कोर्टाची तारीख होती. व्हिडिओवर.

भाऊजी जाऊन आठ महिने झाले होते. ऑफिसांमधून नेटवर्कच्या वायरी टाकायचे. शिडीवरून पडले आणि संपलं. तेरावा होत नाही तोच त्यांच्या आईने आणि मोठ्या भावाने दावा लावला. म्हणे सुनेच्या घरात पोरीला नीट झोपायलासुद्धा जागा नाही, नात आम्हाला द्या.

मुलाच्या चितेची राख निवली नव्हती हो.

मागच्या तारखेला न्यायाधीश बाई म्हणाल्या होत्या की पुढच्या वेळी मी घर बघणार. कॅमेऱ्यातून, सगळ्या खोल्या. पोरगी कुठे झोपते, कुठे अभ्यास करते, सगळं. ताई त्याआधीच्या दोन तारखा आजारपणात चुकली होती. वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, तिसरी चुकली तर मुंगी गेली समजा.

ताईच्या फोनचा कॅमेरा धुरकट. म्हणून मी माझ्या दुकानातला चांगला लॅपटॉप आणला. माझं दुरुस्तीचं दुकान आहे. कुठलं सर्टिफिकेट नाही, सगळं उघडून-मोडून शिकलेलो.

लॅपटॉप चालू केला. वायफाय शोधलं. भाऊजींनी नेटवर्कला नाव दिलं होतं 'चप्पल बाहेर काढा'. माणूस तसलाच होता.

पासवर्ड टाकला.

जोडता येत नाही.

पुन्हा टाकला. जोडता येत नाही. नेटवर्क विसरायला लावलं, वायफायचा ड्रायव्हर काढून परत घातला, नेटवर्कचे आकडे हाताने भरले. लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत करून देतो ते सगळं केलं.

जोडता येत नाही.

ताई म्हणाली, फोनवर चालतंय, मी फोनवरूनच बसते. मी म्हटलं, गप बस, दोन मिनिटं दे.

ही दोन मिनिटं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग तिला आठवलं. भाऊजींनी यादी केली होती. प्रत्येक फोनला, लॅपटॉपला आतून एक नंबर असतो. तो नंबर राउटरच्या यादीत असेल तरच या घरात नेट मिळायचं, पासवर्ड माहीत असला तरी. पाहुणा आला की भाऊजी त्याचा फोन घ्यायचे, नंबर यादीत चढवायचे आणि पुढे नाव लिहायचे. सख्ख्या आईचा फोनसुद्धा त्यांनी असाच चढवला होता. राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. ते डोकं आठ महिन्यांपूर्वी फुटलं.

मी ताईच्या फोनवरून नऊ वेळा अंदाजाने पासवर्ड टाकला. दहाव्या वेळी पान बंद पडलं.

दोन पस्तीस.

आणि मग मी तो गाढवपणा केला.

राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं पुसलं जातं. नाव, पासवर्ड, यादी, सगळं. पण कंपनीने दिलेली खातेजोडणीही पुसली जाते, आणि ती कंपनीशिवाय परत भरता येत नाही. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याची अक्कल काढली असती.

दहा सेकंद दाबलं.

दिवा लाल झाला.

ताईच्या फोनचंही नेट गेलं.

तळमजल्यावर मोबाइलला रेंज येत नाही. मी गेटपर्यंत पळालो, कंपनीला फोन लावला. नुसती होल्डवरची धून वाजत राहिली. मग एक मुलगा म्हणाला, तक्रार नोंदवलीय, चोवीस तासांत माणूस येईल. मी त्याला आईवरून बोललो. त्याचा काय दोष होता? काही नाही. दोष माझा होता. गेटवरून कोर्टाला दाखवणार काय? फाटक?

परत आलो तेव्हा ताई जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. तिने मला इतकंच विचारलं, "तिचे कपडे भरून ठेवू का?"



दोन त्रेपन्न.

मी राउटर हातात धरून बसलो. देव मानत नाही मी. तरी बडबडत होतो. भाऊजी, मी चुकलो. शिक्षा मला द्या. पोरीला कशाला…

आणि घर एकदम शांत झालं.

आधी फ्रिजची घरघर होती. वर कुणीतरी स्टूल सरकवत होतं. रस्त्यावर रिक्षा होत्या. ते सगळं… बंद.

मग मुंगीच्या खोलीतून आवाज आला.

कट्…

वायरीच्या टोकाला जॅक दाबून बसवायचा चिमटा असतो. त्याचा आवाज. मी तो हजारदा ऐकलाय.

कट्… कट्…

ताईने माझ्याकडे बघितलं. तिलाही ऐकू आला होता. मी उठून गेलो. खोलीत कुणी नाही. पलंग, लहान टेबल, खुर्ची. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

बाहेर आलो तर लॅपटॉपच्या पडद्यावर नेटवर्कची यादी उघडी होती.

त्यात एकच नाव.

'चप्पल बाहेर काढा'.

नीट ऐका. रीसेट केल्यावर राउटर कंपनीने छापलेलं नाव दाखवतो. आकडे आणि अक्षरं. घरच्यांनी ठेवलेलं नाव परत येत नाही. येऊच शकत नाही. मी अकरा वर्षं हेच काम करतोय.

मी हात लावला नाही. लॅपटॉप आपोआप जोडला गेला.

मी राउटरचं पान उघडलं. पासवर्ड मागितलाच नाही. यादीत एकच ओळ होती. माझ्या लॅपटॉपचा नंबर, आणि पुढे नाव लिहिलेलं… 'मुंगीचं घर'.

वेळ दोन सत्तावन्न.

"ताई, ऊठ. तोंड धू."

तीनला लिंक उघडली. न्यायाधीश बाई, दोघे वकील. एका चौकटीत मोठे दीर आणि काकू, म्हणजे ताईच्या सासूबाई. काकूंची मान ताठ. ताईने लॅपटॉप उचलला आणि घर दाखवायला सुरुवात केली. स्वयंपाकघर. कपाट. मुंगीची पुस्तकं. मी मागे मागे.

ती मुंगीच्या खोलीच्या दारात पोचली.

काकू उभ्या राहिल्या.

त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मोठे दीर त्यांना खाली बसवायला लागले. न्यायाधीश बाईंनी विचारलं, काय झालं.

काकू म्हणाल्या, "खुर्चीत कोण बसलंय?"

खुर्ची रिकामी होती. मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बाई म्हणाल्या, मला तिथे कुणी दिसत नाही. वकिलांनाही दिसत नव्हतं. काकूंनी हात जोडले, बाईंना नाही, पडद्याला. मग त्यांच्या बाजूची चौकट काळी झाली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दावा मागे घेतला. मुंगी ताईकडे राहिली.

इथे संपायला हवं होतं. आम्ही पेढे वाटायला हवे होते.

महिन्याभराने दुकानात फोन आला. काकू. मी ठेवूनच देणार होतो. मनात म्हटलं, म्हातारे, आता काय उरलंय?

त्या अगदी हळू बोलत होत्या. म्हणाल्या, मोठ्याच्या लॅपटॉपवर रोज दुपारी ती कोर्टाची खिडकी उघडते. लिंक कधीच मेली, लॅपटॉप बंद असतो, बॅटरीसुद्धा काढून ठेवली. तरी उघडते. पोरीची खोली दिसते, आणि तो खुर्चीत बसलेला असतो.

मी विचारलं, काही बोलतो का?

"पाठमोरा बसतो. मी हाका मारते. वळत नाही रे."

मी म्हटलं, काकू, लॅपटॉप घेऊन या, मी बंद करून देतो. मला ते जमणार नव्हतं, पण तोंडातून सवयीने गेलं.

त्या एकदम घाबरल्या.

"बंद नको करूस. तू यातला माहीतगार ना? त्याला माझ्याकडे तोंड करायला लाव. एकदाच. काय दाबायचं ते सांग."

त्या बाईच्या नावाने मी आठ महिने तळतळाट केला होता. एक शिवी आठवेना.

बघतो म्हणालो. गिऱ्हाइकाला म्हणतो तसं.

आता रोज तीनच्या सुमाराला फोन येतो. मी उचलतो. त्या विचारतात, सापडलं का काही? मी म्हणतो, शोधतोय. पलीकडे त्या कुणाला तरी हाक मारत राहतात, त्याच्या लहानपणीच्या नावाने, आणि मी फोन ठेवू शकत नाही.

ताईला यातलं काही माहीत नाही. मुंगी त्याच खुर्चीत बसून अभ्यास करते.