काठावर वारा नव्हता

चांगलं तळं शोधणं हे मुलीला स्थळ शोधण्याइतकंच कटकटीचं, असं ताई म्हणायची. एकाचं पाणी देखणं, पण वाऱ्याचा पत्ता नाही. दुसऱ्याला वारा भरपूर, पण काठाला दाट झाडी, त्यामुळे तो सरळ येतच नाही, थपडा मारत येतो. तिसऱ्याचं सगळं जमतं, तर पाण्यात उतरायला धड जागा नसते.

ती विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याने पाण्यावर धावायला, शिकवायची. शिकणारे सगळे तिला ताईच म्हणत. धाकटा भाऊ शिडं शिवायचा आणि दुरुस्त करायचा, म्हणून तिने त्याचं नाव शिंपीबुवा ठेवलं होतं. शिडांबद्दल त्याला विचारावं तेवढं थोडं, पण स्वतः गुडघाभर पाण्यापुढे कधी गेला नव्हता. लहानपणी एकदा बुडता बुडता वाचला होता, तेव्हापासून त्याने पाण्याचा धसकाच घेतला होता. पोहायला शिकलाच नाही.

त्यांचं नेहमीचं तळं त्या वर्षी पाणवेलींनी भरून गेलं. बोर्ड दहा हात पुढे सरकला की अडकायचा. नवीन जागा मिळाली नाही तर शिकणारे पांगणार आणि एवढ्या वर्षांचा डाव मोडणार, हे दोघांनाही दिसत होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी दोघं गाडीच्या टपावर बोर्ड बांधून तळी बघत हिंडायची.

हे तळं ताईला नकाशावर सापडलं. लांबट, वाऱ्याच्या दिशेने पसरलेलं, टोकाला दोन बुटक्या टेकड्या आणि मधे खिंड. दुपारी जेवणं उरकून दोघं निघाली. डांबरी रस्ता संपला, मातीचा लागला, आणि एका वळणावर ते समोर आलं.

काठ वाळूचा, उतार हलका. बोर्ड उतरवायला याहून चांगली जागा मागून मिळाली नसती. आणि पाण्याच्या मधोमध, काळसर निळ्या पट्ट्यात, लाटांना पांढरा फेस फुटत होता. ताईचा चेहरा उजळला.

"मिळालं बघ," ती म्हणाली.

शिंपीबुवा मात्र काठाच्या लव्हाळ्यांकडे बघत होता. एक पातं हलत नव्हतं. त्याने वारा मोजायचं छोटं यंत्र काढून हात उंच केला. त्यावरचा पंखा जागचा हलला नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याने फुंकर मारली, तर तो गरगर फिरला.

"तिथे एवढा वारा आणि इथे काहीच नाही?"

"आडोसा असेल कशाचा तरी."

"कशाचा, ताई? झाड तरी आहे का एक?"

ताईने काठावरून नजर फिरवली. झाड नव्हतंच, आणि कितीतरी वेळात एक पाखरूही दिसलं नव्हतं, हे तिला आत्ताच जाणवलं. पण इतक्या तळ्यांनी तोंडाला पानं पुसल्यावर असं पाणी समोर पसरलं होतं. हात शिवशिवत होते. "एक फेरी मारून येते," म्हणत तिने शीड बोर्डाला जोडलं.

काठ सोडून थोडी पुढे गेली न गेली तोच शीड फट्‌कन भरलं. वारा कसा, तर लोण्यासारखा. धक्का नाही, झटका नाही. मागे रेलून दांडा धरला की बोर्ड नुसता सुसाट. ती मोठ्याने हसली. इतका एकसारखा वारा तिला कुठल्याच तळ्यावर मिळाला नव्हता.

मग तो थांबला.

हळूहळू कमी होत नव्हे, एकदम थांबला. शीड लोंबलं आणि ती पाठीवर पडता पडता वाचली. क्षणभर सगळं निश्चल. आणि वारा पुन्हा आला, पण नेमका समोरून.

वारा फिरणं तिला नवीन नव्हतं. पण फिरताना तो चाचपडतो, इकडेतिकडे हुंगतो. हा तसा नव्हता. हा उबदार होता, दमट होता. ओले कपडे बंद खोलीत दिवसेंदिवस पडून राहावेत, तसा वास त्याला येत होता. थोडा वेळ वाहिला, थांबला. मग पाठीमागून गार वारा आला आणि बोर्ड पुढे, मधल्या काळ्या पाण्याकडे ओढला गेला. पुन्हा थांबला. पुन्हा समोरून तो उबट वास.

आत... बाहेर. आत... बाहेर.

असा वारा कशाचा असतो, हे तिला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

तिने बोर्ड वळवायचा प्रयत्न केला. शीड कुठल्याही बाजूला धरलं तरी दर गार झोताला ती थोडी आत जात होती आणि उबट झोताला तेवढी मागे येत नव्हती. शेवटी तिने शीड बोर्डाला जोडणारा सांधा सोडून शीड पाण्यात टाकलं, बोर्डावर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी पाणी मारत काठाकडे निघाली. टाकलेलं शीड मागे कुठे गेलं, ते तिने पाहिलं नाही.

"ताई..."

आवाज शिंपीबुवाचा होता. अगदी पाठीशी. मधल्या पाण्यातून.

"ताई, इकडे ये... इकडे वारा छान आहे..."

तिने मान वळवली नाही. दातांवर दात दाबून ती समोरच्या काठाकडे बघत राहिली, भाऊ तिथे उभा दिसावा म्हणून. काठावर कोणी नव्हतं.

तो पाण्यात होता. कपड्यांनिशी, बुटांनिशी, हात पुढे करून संथपणे चालत येत होता. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं आणि चेहऱ्यावर भीती म्हणून नव्हती.

ती हाका मारत राहिली, पण तो तिच्याकडे नाही, तिच्या मागे बघत होता. पाणी हनुवटीला टेकलं तेव्हा तिने त्याची कॉलर धरली, त्याला बोर्डावर आडवा ओढला आणि पाय मारत काठ गाठला. वाळूवर पडल्यावर तो थरथरायला लागला.

"तू बोलावत होतीस ना..." तो म्हणाला. "गुडघाभरच पाणी आहे, ये, म्हणत होतीस..."

"कुठून?"

त्याने मधल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. तिथलं पाणी आता आरशासारखं सपाट होतं.

बोर्ड तिथेच टाकून दोघं निघाली. घराजवळ आल्यावर ताई एवढंच म्हणाली, "या तळ्याचं कोणालाही सांगायचं नाही." त्याने मान हलवली. दोघांनी शब्द पाळला. नेहमीच्याच तळ्यातल्या वेली माणसं लावून काढायच्या ठरल्या, आणि हळूहळू रात्री झोपही लागायला लागली.

एका दुपारी तिचा जुना विद्यार्थी, बेकरीवाला, घाईघाईने त्यांच्या शिडांच्या कारखान्यात शिरला. शिंपीबुवा मशीनवर होता, ताई दोऱ्या गुंडाळत होती.

"ताई, एक सांधा दे. मी वेंधळा, माझा घरी विसरलो आणि तळ्यावर पोचल्यावर कळलं. अंधाराच्या आत परत जाऊन येतो."

"कुठल्या तळ्यावर?"

"कुठल्या म्हणजे? दोन टेकड्यांच्या. काय जागा आहे गं! पाण्यावर नुसता फेस."

मशीन थांबलं.

"तुला कोणी सांगितलं?" ताईचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"तूच. सकाळी फोन नाही का केलास? धाप लागल्यासारखी बोलत होतीस. दोन शब्द, मग मोठा श्वास. मला वाटलं, पाण्यातून बाहेर येऊन थेट फोनच लावलास."

ताईने त्याचा दंड घट्ट धरला. "तू तिकडे जायचं नाहीस. कारण विचारू नकोस. बस इथे."

बेकरीवाला गोंधळून बसला. एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या भावाकडे बघत म्हणाला, "नाही जात, बाई. पण मग बाकीच्यांनाही तूच बोलावलंस ना? तिथे काठावर ओळीने गाड्या उभ्या होत्या. दारं उघडी, टपावरचे पट्टे सुटलेले. मी हाका मारल्या, तर माणूस एकही दिसेना."