पाळीवरची पदवी

केशोरीच्या तलावाची पाळ सोडली, तर गावात कुठंच धड नेटवर्क नव्हतं. ऑनलाइन वर्गांच्या पहिल्याच दिवशी दुर्गेश्वरी फोन घेऊन पाळीवर चढली, तर तिथं आधीच कोणीतरी बसलेलं. निघाला तिच्याच कॉलेजातला! गोंदियाजवळच्या गोरेगावचा गजेंद्र, लॉकडाउनमुळे मामाकडे अडकलेला. तो आर्किटेक्चरला, ती प्लॅनिंगला.

"थोडं सरका ना. पाळ काय तुमच्या मामानं बांधली?" ती म्हणाली.

तो इतका सरकला, की पाण्यातच जायचा. तिथंच ती फसली.

शेवटचं वर्ष असंच पाळीवर गेलं. पदवीदानही ऑनलाइनच आलं. पण आज दोघं पाळीवरच, मुद्दाम दूर-दूर बसले होते. गोंदियाला आत्याच्या टीव्हीवर बाबा समारंभ बघत होते, आणि शेजारी दुर्गेश्वरीला मागणी घालायला आलेले पाहुणे. संध्याकाळी बाबा त्यांना शब्द देणार होते. गजेंद्रबद्दल घरी सांगायची हिंमत तिला अजून झाली नव्हती.

दोन शब्द बोलायला तिचं नाव पुकारलं आणि नेमकी पावसाची सर आली. आता फोन भिजणार... तोच डोक्यावर छत्री आली. आपण कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून गजेंद्र हात ताणून लांब उभा होता, नखशिखांत भिजत; कॅमेऱ्यात येत होती ती फक्त त्याची ओली बाही. तिचं बोलणं झालं आणि तो परत धावला, तर दगडावर ठेवलेला त्याचा फोन भिजून बंद पडलेला.

"गेला," तो म्हणाला. "माय सकाळपासून नवं लुगडं नेसून बसून राहिली..."

दुर्गेश्वरीच्या फोनवरून त्याला हजर होता आलं असतं. पण मग तो तिच्या शेजारी दिसणार — बाबांना, पाहुण्यांना.

"गजेंद्र आहेत का?" तिच्या फोनवर सर विचारत होते. "नसतील तर पुढचं नाव घेऊ..."

"आहे, सर." तिनं त्याला बाही धरून छत्रीखाली ओढलं. "इथंच आहे. माझ्याजवळ."

तो काय बोलला, ते तिला ऐकूच आलं नाही. समारंभ संपला आणि बाबांचा फोन आला.

"पाहुणे उठून गेले," बाबा म्हणाले. "तुह्यावर छत्री धरून सोता भिजला, तो हाच ना?"

"हो, बाबा."

"मी बसनं येऊन राहिलो. मी येतवरी त्याले जाऊ देऊ नोको."

तिनं फोन ठेवताच गजेंद्रनं विचारलं, "काय म्हणाले?"

"तुले थांबवून ठेव म्हणाले."

"किती वेळ?"

बाही अजून तिच्या मुठीतच होती. "बाबा म्हणते, ते येतवरी. माह्यं म्हणशील तर... जन्मभर."