दमयंतीची सीट

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. हे माझा मोठा भाऊ निकेश याच्यासोबत घडलंय. दादा खोटं बोलत नाही. त्याला ते जमतच नाही.

गेल्या दसऱ्यानंतरचा शुक्रवार. जागा महापे, दादाचं साच्यांचं डिझाइन करणारं छोटं ऑफिस. आणि रात्रबित्र नाही, टळटळीत दुपार.

तिथे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची लायसन्स चार आणि माणसं दहा. ज्याने आधी उघडलं त्याला एक लायसन्स, म्हणजे सीट, मिळणार, त्याने बंद केलं की दुसऱ्याला. हा सगळा कारभार दादाकडे.

कोणी मध्येच उठलं तर माऊस उलटा ठेवून जायचं. म्हणजे काम सेव्ह व्हायचंय, माझी सीट काढू नका. हा नियम सगळे पाळायचे.

मॅनेजर नंदकुमार सोडून.

बोनकोड्याची दमयंती तिथली सगळ्यात हुशार डिझायनर. एकदा आईचा फोन आला म्हणून ती माऊस उलटा ठेवून बाहेर गेली. नंदकुमारने केबिनमध्ये बसल्या बसल्या तिची सीट काढून स्वतः घेतली. तिची फाइल कायमची बिघडली. वर त्यानेच कस्टमरसमोर तिला निष्काळजी ठरवून कामावरून काढलं.

ती रडत रडत स्कूटरवर निघाली. पुलाखाली डंपर...

घरी पोचलीच नाही.

आता त्या शुक्रवारचं ऐका. दमयंतीचं तेच बिघडलेलं ड्रॉइंग संध्याकाळपर्यंत कस्टमरकडे गेलं नाही, तर नंदकुमारची नोकरी जाणार होती. म्हणून तो स्वतः कामाला बसला.

सीट मिळेना.

दादाने सर्व्हरवर पाहिलं. तीन सीट मुलांकडे. चौथी...

दमयंती.

तिचा कॉम्प्युटर तर केव्हाच फॉरमॅट करून खोक्यात भरला होता.

दादाने नाव काढलं. नाव परत आलं. मुलांना सॉफ्टवेअर बंद करायला सांगितलं. एकेक सीट मोकळी झाली आणि...

चारही ठिकाणी दमयंती.

एसी बंद पडला. मग तिच्या रिकाम्या टेबलावरून आवाज आला. क्लिक... क्लिक...

खोक्यातला तिचा माऊस टेबलावर होता.

उलटा. वायर कशालाच जोडलेली नव्हती.

"कोणाची मस्ती आहे ही?" नंदकुमार ओरडला. मग हळूच दादाला म्हणाला, "तिच्या आईला घेऊन ये रे. मी पाया पडतो त्यांच्या. माझ्या पोरीचं कॉलेज चालू आहे."

बोनकोडे जवळच. दादा बाईक काढून गेला. दमयंतीची आई, चांगुणाबाई, दारात सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माजं आयकंल ती," त्या म्हणाल्या. "पन मी नाय सांगनार, बाला."

आणि परत सुकट निवडू लागल्या.

दादा परतला तेव्हा ऑफिसात मालक आला होता. ड्रॉइंग काही होत नाही म्हटल्यावर त्याने नंदकुमारला तिथल्या तिथे घरी पाठवलं. नंदकुमार जिना उतरला मात्र...

चारही सीट मोकळ्या झाल्या. एसी आपोआप सुरू झाला.

मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

गेल्या आठवड्यात आम्ही जेवायला बसलो होतो. दादाला तुर्भ्याच्या एका डिझाइन ऑफिसातून फोन आला. नंदकुमार तिथे नुकताच लागला होता. दादाने फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडचा माणूस चांगलाच टरकलेला होता.

"साहेब, तुमच्याकडे दमयंती नावाची कोणी होती का? आमच्या सगळ्या सीटवर तिचं नाव येतंय. तिला काढायचं कसं?"

दादाने शांतपणे घास गिळला.

"तिला नाही," तो म्हणाला. "त्याला काढा."

आणि आईला म्हणाला, भाजी वाढ.

दादा स्वभावाने असा नाही हो. तेव्हापासून घरात तो आणि मी दोघंच असलो, की मला बसवत नाही.