पोटावरचे हात

माझ्या भावाचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते, मग त्याच्या पोटावर दिसले ते हात कुणाचे? हे मी स्कॅनवाल्याला विचारलं, डॉक्टरला विचारलं, कंपाउंडरलाही विचारलं. मी सातवीत शाळा सोडलेला, म्हणून मला हाकलणं सोपं. पण बघायला शाळा लागत नाही.

विश्वंभरदादा कळमनुरीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होता. हळदीचं पोतं पाठीवर घेऊन तो गोदामाच्या पायऱ्या अशा चढायचा, की वाटावं लेकरू खेळवतोय. त्याची पाठ पोत्यानं गेली नाही. उन्हाळ्यात त्याचा जोडीदार नरसिंगकाका पोत्याखाली कोसळला. तोंडाला फेस आलेला माणूस बघून ऑटोवाले निघून गेले. शेवटी दादानं काकाला पाठुंगळी घेतलं. मी बाजूनं पळत होतो. काकाची मान लोंबत होती आणि दादा सारखा सांगत होता, "घट्ट धर काका. मी म्हणल्याबिगर सोडू नको."

दवाखान्यात स्ट्रेचर नव्हतं. "असंच वर घेऊन जा," वॉर्डबॉय मोबाइलमधून मानही न काढता म्हणाला. वर पोचेपर्यंत काका गेला होता. दादाच्या पोटावर अडकलेली काकाची बोटं दोघांनी मिळून उकलली. पण 'सोड' असं काकाला कुणीच म्हणालं नाही.

त्या दिवसापासून दादा वाकला. पुनमवहिनी रोज तेल चोळायची. "वजन उतरूनच नाही राहिलं," तो म्हणायचा. डॉक्टरनं पाठीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "हमाल आहेस ना? मणक्यांच्या मधल्या गाद्या झिजल्या असतील. सीटी स्कॅन काढून आण."

स्कॅनच्या खोलीत एसी इतका होता की बाहेरचं ऊन खोटं वाटावं. दादाला अरुंद फळीवर उताणं झोपवलं, हात डोक्याच्या वर घ्यायला लावले. मी काचेच्या अलीकडं, स्कॅनवाल्या पोराच्या मागं उभा होतो. फळी सरकत यंत्राच्या गोल तोंडात गेली. यंत्र घरघरू लागलं. आणि त्या बंद खोलीत हळदीचा वास आला... हळदीचा, ओल्या बारदानाचा, घामाचा.

पोरगं माईकमध्ये म्हणालं, "भाऊ, पोटावरचे हात काढा. वर घ्या."

"वरच हायेत की साहेब," आतून दादाचा आवाज आला.

"काढा म्हणलं ना. बोटं येऊन राहिली फोटोत."

मी काचेतून बघितलं. दादाचे हात डोक्याच्या वरच होते. मग मी पडद्याकडं बघितलं. मणके एकावर एक रचलेले. त्यांच्या पुढं, पोटावर, एकमेकांत अडकवलेली बोटांची हाडं. एक करंगळी अर्धीच. नरसिंगकाकाची करंगळी हळद पॉलिश करायच्या ढोलात तुटली होती.

पोरानं परत स्कॅन केला. या वेळी बोटं जास्त घट्ट दिसली, आणि खालच्या दोन मणक्यांमधली जी फट आधी होती, ती मिटून गेली होती.

"झोपलेल्या माणसाची गादी... अशी दबत नसती," तो स्वतःशीच पुटपुटला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू बाहेर बस."

डॉक्टरनं फोटो उजेडात धरले. "पेशंट हलला म्हणून असं दिसतं. गादी झिजली आहे, बाकी काही नाही. पट्टा बांधा."

"साहेब, मग हे हात कुणाचे?"

"किती शिकलास तू?"

मी टेबलावर हात आपटला. "शिकलो न्हाई, पण मोजता येतं मला. एका माणसाला चार हात काहून?"

वॉचमननं मला दंडाला धरून बाहेर काढलं. दादा मात्र पट्टा हातात घेऊन, वाकलेला, डॉक्टरलाच नमस्कार करून आला.

पोळ्याच्या आधी तो गेला. भर दुपारी, खाटेवर कुशीला झोपलेला. "रुद्र... श्वास घ्यायला जागा न्हाई रे," एवढंच बोलला. हृदय बंद पडलं, असं सांगितलं डॉक्टरनं. झोपल्या जागी माणूस चेंगरला, आणि म्हणे हृदय!

दारात तिरडी बांधली. दादाची नुसती हाडं उरली होती, तरी मोंढ्यातल्या चौघा हमालांना तो उचलेना.

"अरे, जोर लावा! भाकरी खाल्ल्या न्हाईत काय?" वसराम हमाल ओरडला आणि त्यानं स्वतः हात घातला. बांबू करकरला. तिरडी हलली नाही. आणि अंगणात तोच हळदीचा वास पसरला.

माझं डोकं फिरलं. जिवंतपणी सोडलं नाही, आता मेल्यावर तरी! मी सगळ्यांना बाजूला ढकललं. तिरडीकडं पाठ केली आणि पोतं घ्यायला हमाल वाकतो तसा गुडघ्यांवर हात टेकून वाकलो.

"काका, सोडा त्याला," मी म्हणालो. "तो पोचला आता. या... इकडं या."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझे पाय अंगणाच्या मातीत रुतले. मागं चौघांनी पुन्हा हात लावला, आणि तिरडी सुपासारखी अलगद वर आली.

वहिनीचं रडणं मधेच थांबलं. ती माझ्याकडं बघत होती.

"भाऊजी... उभं राहा की. काहून वाकले तुमी?"

मी तसाच वाकून आगीचं मडकं उचललं आणि दादाच्या पुढं चालू लागलो.